पंख नसलेलं काहीतरी

आमच्या घरात पाळीव प्राण्याचा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. तिथे काही काम असतं असं नाही. ओट्यापाशी उभी राहते आणि धुतलेलंच भांडं पुन्हा धुते. नळ बंद होईपर्यंत बाहेरच्या खोलीतल्यांनी विषय बदललेला असावा, एवढीच तिची अपेक्षा. बरीच वर्षं आम्ही तो बदलतही आलो. पण माझी मुलगी विषय सोडणाऱ्यातली नाही. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे आणि त्याचा मला पुरेपूर त्रास होतो.

तिला कुत्रा हवा होता. तिच्या वयाच्या पोरांना कुत्राच हवा असतो. पण माझ्या मुलीला दमा आहे. घरात झाडू फिरला, शेजारी कुणी उदबत्ती लावली, खिडकीच्या कठड्यावर साचते ती इथली लाल धूळ वाऱ्याने आत आली, की तिचं नाक वाहायला लागतं, आणि मग छातीतून ती बारीक शिटी ऐकू येते. एकदा क्वार्टरच्या जिन्याखाली कुत्रीने पिल्लं दिली. ही त्यातल्या एकाला छातीशी धरून बसली आणि घरी आली तेव्हा तिचे डोळे पुरीसारखे फुगले होते. तशा डोळ्यांनीही ती हसत होती, म्हणून मला जास्त राग आला.

ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तिच्या हातावर थेंब टाकून, सुईने टोचून तपासणी केली. कुत्रा आणि मांजर या दोन ठिपक्यांच्या जागी सगळ्यात मोठ्या गांधी उठल्या. नापास झाल्याचा निकाल वाचावा तशी ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग विचारलं, "मतलब डॉगी कभी नहीं?"

"मछली रख लो, बेटा," डॉक्टर म्हणाले. पक्ष्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, हे मी लक्षात ठेवलं.

"मछली को गोद में कैसे लेंगे?"

डॉक्टरांनी हसून पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बाहेर सल्ल्यांना तोटा नव्हता. माझा नवरा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये आहे, स्वभावाने सरळ, आणि कुठलीही अडचण शिफ्ट संपायच्या आत सुटली पाहिजे असं त्याला मनापासून वाटतं. आधी त्याने ससा सुचवला. सशाला केस असतात हे मी सांगितल्यावर त्याला खरंच आश्चर्य वाटलं. ओळखीच्या एक काकू म्हणाल्या की कासव ठेवा, घरात पैसा येतो. आपल्याकडची कासवं पाळणं गुन्हा आहे असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "कोण पाहून राहिलं?" मग एका संध्याकाळी नवऱ्याने चहा पिता पिता लव्हबर्ड्सचं काढलं. पिंजरा बाल्कनीत टांगू, दाणापाणी केलं की झालं, केस नाहीत की काही नाही.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला.

मी नवऱ्याला असं काही बोलले की त्याने चहा अर्धा टाकला. त्याला आमची गोष्ट ठाऊक आहे, पण पुस्तकात वाचलेल्या लढाईसारखी. त्या घरात तो नव्हता. मी होते.

माझे आजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून इथे हिंदी मुलखात प्लांटच्या कामाला आले. मागोमाग बाबा लागले. मी लहान होते तेव्हा आम्ही बाबांच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि आजोबा, आमचे आबा, रिटायर होऊन आमच्याकडे आले होते. एका उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. तापलेल्या लोखंडापाशी जन्म काढलेल्या माणसाच्या हातात पाण्याचा गिलास राहीना. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, मालीश झालं. मग गावाकडून एक नातेवाईक बघायला आले आणि आबांच्या खाटेशी बसून म्हणाले, "कबुतरं पाळा. कबुतराच्या पंखाची हवा लागली का लकवा उतरते."

आज कुणीही हसेल. तेव्हा आमच्या घरात कुणी हसलं नाही, कारण ही गोष्ट सगळ्यांनी आधीच कुठे ना कुठे ऐकलेली होती. शेजारच्या छत्तीसगढी मावशींनाही ती माहीत होती आणि वरच्या मजल्यावरच्या बिहारी कुटुंबालाही. एवढे लोक ज्या गोष्टीला मान डोलवतात ती खोटी कशी असेल? बाबांनी सुपेल्याच्या बाजारातून कबुतरांची जोडी आणली. पॅकिंगच्या लाकडाच्या पेट्या ठोकून मागच्या व्हरांड्यात भिंतीला बसवल्या आणि आबांची खाट ओढून बरोबर त्या पेट्यांखाली ठेवली.

कबुतरं वाढली. आणि आबा बरे व्हायला लागले. तोंड सरळ झालं, बोटं हलायला लागली, एक दिवस स्पष्ट "पानी" म्हणाले. गोळ्या आणि मालीशही चालूच होतं, पण त्यांना कोण श्रेय देतो? लोक कबुतरं बघायला यायला लागले. आई त्यांना व्हरांड्यात नेऊन दाखवायची, जरा अभिमानानेच.

कबुतरांचा खरा मालक मात्र माझा दादा होता. माझ्याहून काही वर्षांनी मोठा. शाळेतून आला की दप्तर टाकून तो पेट्या साफ करायचा. पत्र्याच्या तुकड्याने वाळलेली विष्ठा खरवडायचा तेव्हा पांढरी भुकटी उडायची आणि तो बाहेर यायचा तेव्हा त्याच्या केसांवर, पापण्यांवर ती बसलेली असायची. कुठलं कबूतर कसं चालतं हे त्याला पाठ होतं. त्याने शिटी घातली की ती समोरच्या छतावरून उतरायची. मला त्यांचे लाल पाय आवडायचे नाहीत. मी लांबून तांदूळ फेकायचे आणि पळायचे. दादा म्हणायचा, "ते तुले खाऊन नाही राहिले."

मग त्याला खोकला लागला. आधी थंडीचा वाटला, मग पेरू खाल्ल्याचा, मग प्लांटच्या धुराचा. इथे कुठलाही खोकला शेवटी प्लांटच्या धुरावर जातो आणि माणसं निश्चिंत होतात. पुढे त्याला धाप लागायला लागली. तो पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकून बसायचा, तोंड उघडून वर छताकडे करायचा, आणि आई त्याची पाठ चोळत एकच वाक्य म्हणत राहायची. "घे बाबू, हळूहळू घे."

ज्या घराच्या मागच्या व्हरांड्यात औषध आहे त्या घरातली आई काय करेल? तिने त्याला आबांच्या शेजारी खाटेवर बसवलं. पेट्यांच्या खाली. "आबाले गुन आला, तुले बी येईन." शाळा बुडायला लागली तसा तो दिवसचे दिवस तिथेच बसायला लागला. आणि हवा नीट लागावी म्हणून आई फडकं हलवून कबुतरं उडवायची. ती पेटीतून फडफडत निघायची, पंख एकमेकांवर आपटायचे, भुकटी खाली उतरायची, आणि दादा तोंड उघडून ती हवा घ्यायचा. आई त्याला सांगायची, अजून घे. हे लिहिताना मला आजही थांबावं लागतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली, एक्स-रे बघितला आणि आईला विचारलं, "घर में चिड़िया-कबूतर हैं क्या?"

मी बाकावर पाण्याची बाटली धरून बसले होते. आईचा चेहरा मला दिसत होता. डॉक्टरांनाही हा उपाय ठाऊक आहे याचं तिला समाधान वाटलं. ती म्हणाली, "हाँ साहब. उसी के लिए तो बिठाते हैं उसको."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं, ही भुकटी कशी आत जाते, फुप्फुसं कशी कडक होत जातात, आता जितकं वाचवता येईल तितकं. आई मान हलवत राहिली. परत येताना बसमध्ये तिने आपला पदर दादाच्या नाकातोंडावर धरून ठेवला होता. तो म्हणत होता, मले गरम होऊन राहिलं. तिने तो घर येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी कबुतरं टोपल्यात भरली, वरून पोतं बांधलं आणि स्कूटरवर वीसेक किलोमीटर लांब अहिवाऱ्याला एका ओळखीच्या घरी नेऊन दिली. येताना ते सुपेल्याला भाजीसाठी थांबले. फाटकातून आत आले तर सगळी कबुतरं आमच्या छतावर रांगेने बसलेली. दादा खिडकीत उभा होता. तो इतका हसला की खोकल्याने वाकला. "बाबा, तुमच्या स्कूटरच्या आधी येऊन गेले ते."

मग बाबांनी ती आणखी लांब नेऊन दिली. त्यातलीही काही परत आली. आई गच्चीवर ताट वाजवून हाकलायची, ती समोरच्या छतावर बसायची आणि ताट थांबलं की परतायची. पेट्या तोडून जाळल्या तरी ती त्या भिंतीपाशी येऊन उडत राहायची, जिथे पेट्या होत्या तिथे. भर मे महिन्यात आम्ही खिडक्या लावून बसायचो. काचेपलीकडे कठड्यावर ती यायची. घुमायची. आणि आतून दादा विचारायचा, "आले का?"

आई म्हणायची, "नाई आले."

त्याला ऐकू येत होतं. आम्हाला सगळ्यांनाच ऐकू येत होतं. तरी तो रोज विचारायचा आणि ती रोज तेच सांगायची. पुढच्या हिवाळ्यात त्याला शेवटचं दवाखान्यात नेलं, त्या सकाळीही त्याने विचारलं होतं. तिथेच तो गेला. बाबांना ड्युटीवरून बोलावून आणलं.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. स्वतःच्या हाताने गिलास धरून पाणी प्यायचे. आई त्यांचं सगळं करायची, पण त्यांच्या उजव्या हाताकडे बघायची नाही. त्यांना गुण आला होता, हेच तिला सोसत नसे.

दादा गेल्यावरही कबुतरं येत राहिली. पुढे ती मेली असतील, दुसरी आली असतील. आईला तो फरक नाही. तिच्या लेखी जगातलं प्रत्येक कबूतर त्या टोपल्यातलंच आहे. क्वार्टर बदललं, सेक्टर बदलला, बाबा गेले, ती माझ्याकडे राहायला आली. मी बाल्कनीला जाळी लावली, कूलरच्या मागे जाळी लावली. तरी दुपारी कूलरच्या आतून तो घुमण्याचा आवाज येतो आणि पोळी लाटताना आईचा हात थांबतो. "आले," एवढंच म्हणते.

मी काही वेगळी नाही. मुलीच्या छातीत शिटी वाजायला लागली की मला ती एकट्या तिची ऐकू येत नाही. शाळेत पन्नास पोरांना गप्प करणारी बाई मी, पण भर उजेडात, याच घरातल्या दिवाणावर, पुढे वाकून बसलेला मुलगा मी पाहिलेला आहे. मला त्याची भीती वाटत नाही. तो माझा दादा आहे. एक दिवस त्याच्या शेजारी आणखी कुणी तसंच बसलेलं दिसेल, याची वाटते.

एवढं सगळं मुलीला माहीत नव्हतं. तिला भिंतीवरचा मामाचा फोटो माहीत होता. माझ्याकडे काही चालत नाही हे बघून ती सरळ आजीकडे गेली. "आजी, तू बता ना. तुझे क्या चलेगा?"

आई उठायला निघाली होती. पण मुलीने तिचा पदर धरून ठेवला होता. आई परत खाली बसली. मग एकेक शब्द तोलून म्हणाली, "पंख नसलेलं आना. केस नसलेलं. आवाज नसलेलं. अन् त्याले आपली हवा नाई लागली पायजे."

शेवटची अट तिने दोनदा सांगितली. जे घरात येईल ते आपल्या हवेत श्वास घेणारं नको, आपली हवा त्याच्याकडे जायला नको आणि त्याची आपल्याकडे यायला नको. मुलगी टाळ्या वाजवत माझ्याकडे आली. चारही अटी पाळणारा प्राणी डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवला होता.

सुपेल्याच्या त्या दुकानात बरण्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक बरणीत एकेक मासा आणि मधे पुठ्ठ्याचा तुकडा, एकमेकांना बघून भांडू नयेत म्हणून. मुलीने निळा निवडला, शेपटीकडे लालसर. दुकानदार म्हणाला, फायटर आहे, सगळ्यात सोपा. याला पंप लागत नाही, मशीन लागत नाही, एकटाच राहतो. पंप का लागत नाही, हे आम्ही कुणी विचारलं नाही. मासा बरणीत ठेवू नये एवढंच मी नेटवर वाचून गेले होते, म्हणून बरणी न घेता झाकणाची मोठी काचेची टाकी घेतली, आणि त्यावर दुकानदाराने खूश होऊन वाळलेल्या अळ्यांचा एक डबा फुकट दिला. "ये भी खिलाना, रंग खुलता है." नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग टाकी भरली. ती बाहेरच्या खोलीत, आईच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर ठेवली, कारण दुसरी जागा नव्हती.

मासा आल्यावर आईने एक-दोन दिवस त्याच्याकडे बघितलंच नाही. मग एका दुपारी मला शाळेत तिचा फोन आला. "घरी ये."

"काय झालं?"

"त्याले दमा हाये."

'त्याले' हा शब्द माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही. मी 'दमा' ऐकला. वर्ग शेजारच्या बाईंवर टाकून स्कूटी कशी काढली मला आठवत नाही. घरी पोचले तर मुलगी तिच्या शाळेतच होती. आई भिंतीला पाठ लावून उभी होती आणि बोटाने टाकी दाखवत होती. "त्याचं तोंड पाह्य," ती म्हणाली. "तसंच करते."

मी पाहिलं. मासा तळाशी होता. मग तो सरळ वर आला, पाण्याच्या कडेला तोंड लावलं, तोंड छताकडे उघडलं, हवा घेतली आणि खाली गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा तोंड वर, पुन्हा उघडं. मी दुकानदाराला फोन लावला. तो हसला. "मैडम, फाइटर तो ऊपर की हवा लेता ही है. इसीलिए तो पंप नहीं लगता."

सगळ्या दुकानातून नेमका हाच मासा आम्ही निवडून आणला होता.

आईला मी समजावलं की हा त्याचा स्वभावच आहे, तो आजारी नाही. ती म्हणाली, "म्हनजे हवा लागते त्याले. परत करून ये." मुलगी शाळेतून आली आणि टाकीला मिठी मारून रडायला लागली. रडली की तिला धाप लागते. ती शिटी ऐकली आणि आईने हात टेकले. "राहू दे. पन मी नाई पाहनार." तिने खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केलं.

ती खुर्ची रोज थोडी थोडी परत फिरत गेली. मी न पाहिल्यासारखं करत होते. बोलले असते तर तिने पुन्हा दाराकडे केली असती. मुलगी शाळेत असताना माशाला खायला कोण घालणार, हा प्रश्न होताच. तो आईकडे गेला. एकदा पाण्यावर फेसासारखे बुडबुडे जमले आणि ती पुन्हा घाबरली, "फेस येऊन राहिला" म्हणाली. मुलीने तिला सांगितलं की तो पिल्लांसाठी घर बांधतो. आई बुडबुड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकटा हाये अन् घर बांधून राहिला, पागल." आणि हसली. या घरात प्राण्याकडे बघून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांनी काहीतरी संपलं.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि आतून मला शिटी ऐकू आली. धावत आले. मुलगी टाकीपाशी पुढे वाकली होती, हात गुडघ्यांवर. आई तिच्या तोंडाशी दम्याचा पंप धरून उभी होती, अगदी बरोबर धरला होता. मी तिला ते शिकवून ठेवलं होतं. शिटी कमी झाली, थांबली नाही. आई मुलीकडे बघतच नव्हती. ती टाकीकडे बघत होती. "मीच बसवली तिले त्याच्याजवळ," ती म्हणाली. "मीच म्हनलं, ये, जवळून पाह्य."

दवाखान्यात नेबुलायझर लावल्यावर मुलगी सावरली. डॉक्टर लिहायला बसले. त्यांनी काही विचारायच्या आत आई खुर्चीवरून उठून उभी राहिली. "साहब, घर में मछली है. मैं ही इसको उसके पास बिठाती हूँ."

तेच वाक्य. मी लहान होऊन बाटली धरून बाकावर बसले होते.

डॉक्टर हसले. "मछली से कुछ नहीं होता, माँजी. खिलाते क्या हो उसको?"

आईने सांगितलं. दाणे देतो, आणि त्या डब्यातल्या सुक्या अळ्या. त्या लांब असतात, त्याच्या घशात अडकतील, म्हणून ती आधी तळहातावर घेऊन ओव्यासारख्या चोळते, चुरा करते आणि पाण्यावर भुरभुरते. सांगताना तिने तळहात चोळून दाखवले. आज मुलगी अगदी जवळ वाकून बघत होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी आईकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नसतं. ते पेन टेबलावर पडलेलं मला दिसत होतं, बाकी काही दिसत नव्हतं.

"वही है," डॉक्टर म्हणाले. "उस कीड़े की धूल उड़ती है, कइयों को लगती है. वो डिब्बा फेंक दो, सिर्फ़ दाना दो. बस."

"बस?"

"बस."

"मछली को निकालना नहीं?"

"नहीं, माँजी."

"और ये?" तिने मुलीकडे बोट केलं. हात लावला नाही.

"ये बिल्कुल ठीक है. घर ले जाओ."

आई खाली बसली आणि रडायला लागली. दादा गेला तेव्हा ती रडली नव्हती, लोकांना ते फार खटकलं होतं. आता ती त्या खुर्चीत बसून मोठ्याने रडत होती आणि दोन्ही तळहात अंगापासून लांब, हवेत धरले होते, मुलीला लागू नयेत म्हणून. ऑटोत बसल्यावरही तिने ते तसेच धरले होते. घरी येऊन तिने ते साबणाने धुतले, परत धुतले, नळ किती वेळ चालला होता कोण जाणे. मी जाऊन तो बंद केला आणि तिचे ओले हात माझ्या हातात धरले. आम्ही दोघी ओट्यापाशी तशाच उभ्या राहिलो. ती म्हणाली, "त्या वक्ती कावून नाई कोनी मले आधीच सांगतलं?" मी टॉवेल घेऊन तिचं एकेक बोट पुसलं.

डबा कचऱ्यात गेला. मासा राहिला.

नंतर एक दिवस मी शाळेतून जरा लवकर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला, "घे बाबू, हळूहळू घे."

माझे पाय तिथेच थांबले. किती वर्षांनी ते वाक्य मी ऐकत होते. दिवाणावर बघायची माझी हिंमत होईना. मग बघितलं. दिवाणावर मुलगी पालथी पडून अभ्यास करत होती, पाय हवेत हलवत, श्वास सरळ. तिने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली आणि आजीकडे डोळे फिरवले.

आईची खुर्ची आता पूर्ण टाकीकडे तोंड करून होती. मासा वर आला, तोंड उघडलं, हवा घेतली. आई मान हलवत होती. खिडकीची काच लावलेली होती, आणि काचेपलीकडे, जाळीबाहेरच्या कठड्यावर, कबुतरं घुमत होती. मला वाटलं, आता ही उठेल, ताट घेईल.

ती उठली नाही. टाकीकडे थोडी वाकली आणि हळूच म्हणाली, "आले हायेत, बाबू. भायेर बसले हायेत."

काच मात्र तिने उघडली नाही.